व्हर्च्युअल असिस्टंटच्या कामाला नवीन क्लायंट हवेत? आधी पैसे यायची वाट मोकळी करा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. तुम्ही लिहिलंय की नोकरी सोडून सांगलीतून घरबसल्या व्हर्च्युअल असिस्टंटचं, म्हणजे दुसऱ्यांची ऑफिसची कामं ऑनलाइन करून द्यायचं काम सुरू केलं, नवीन क्लायंट येत नाहीत म्हणून रेट तासाला तीन डॉलरवर आणलाय, आणि टेक्सासच्या ज्या एकमेव बाईंचं काम केलं त्यांचे पैसे बँकेत अडकलेत. सगळे जण तुम्हाला प्रोफाइल कसं सुधारायचं ते सांगतायत. मला मात्र तुमच्या पोस्टमधलं पैसे अडकल्याचं शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण माझं नेमकं तिथेच अडलं होतं.

प्रोफाइल, फोटो, कॅन्व्हा अॅपवर बनवलेला कामाच्या नमुन्यांचा पोर्टफोलिओ हे सगळं तुम्ही केलेलं दिसतंय, त्यावर बोलत नाही.

माझी पहिली चांगली क्लायंट इंग्लंडची, लीड्सची. पॉडकास्ट चालवायची, मी तिचे ईमेल, कॅलेंडर आणि शो नोट्स (प्रत्येक भागासोबत द्यायची लेखी माहिती) बघायचे. काम तिला आवडलं होतं, तिच्यासारखंच काम करणाऱ्या दोन मैत्रिणींशी गाठ घालून देते असं ती स्वतःहून म्हणाली होती. पहिल्या महिन्याचे पैसे तिने सरळ माझ्या बचत खात्यात पाठवले. आमच्या इथली शाखा (नाव घेत नाही) आधी म्हणाली पैसे आलेच नाहीत. मग म्हणाली आलेत पण फॉरेक्सचं (परदेशी चलनाचं) काम दुसऱ्या शहरातून होतं. तिकडून पर्पज कोड (परदेशातले पैसे कुठल्या कामाचे आहेत ते सांगणारा कोड) मागितला, तो कुठल्या फॉर्मवर लिहायचा हे शाखेत कुणालाच माहीत नाही. मी इन्व्हॉइस दिला तर शिक्क्याचा करार आणा, करार दिला तर कंपनीचा दाखला आणा, आणि वर काउंटरवर हे ऐकवलं की घरात बसून असलं कसलं काम करता की परदेशातून पैसे येतात. चार लोकांसमोर. ज्या माणसाचं काम माझे पैसे माझ्या खात्यात जमा करायचं आहे त्याने मला संशयित असल्यासारखं विचारायचं, आणि एकाही गोष्टीचं लेखी उत्तर द्यायचं नाही! शेवटी पैसे परत गेले, मधल्या बँकांचे चार्जेस कापून. क्लायंट एका शब्दाने वाईट बोलली नाही, पण तिने दुसरी असिस्टंट शोधली आणि त्या दोन मैत्रिणींचं नाव पुन्हा निघालं नाही. बुडालेल्या पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं, कारण आपल्या धंद्यात नवीन क्लायंट जुन्या क्लायंटच्या तोंडूनच येतात, आणि जिला पैसे देताना त्रास झाला ती बाई कुणाला आपलं नाव सांगणार?

म्हणून माझं स्पष्ट मत, नवीन माणसं शोधायच्या आधी पैसे यायचा रस्ता पक्का करा. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) काढा, ती सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, पॅन आणि आधारवर होते. गुगलवर वर वर दिसणाऱ्या साइट त्यासाठी पैसे मागतात, देऊ नका. एकटीचं किंवा मोजक्या माणसांचं काम असेल तर शॉप अॅक्टची (दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्याची) फक्त सूचना द्यावी लागते, आपले सरकार या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. या दोन कागदांवर बऱ्याच बँकांत करंट अकाउंट उघडतं, पण उघडण्याआधी परदेशी पैशांचं काम याच शाखेत होतं का ते विचारा. नाहीतर पेओनियर किंवा वाइज अशा परदेशातून पैसे मागवायच्या ऑनलाइन सेवांचा मार्ग घ्या, आणि प्रत्येक पेमेंटचा परदेशातून पैसे आल्याचा दाखला जपून ठेवा. इन्व्हॉइसवर काम काय केलं ते साध्या शब्दात लिहा आणि पर्पज कोड आधीच ठरवून ठेवा. बुककीपिंगला पी1005, बिझनेस सल्ल्याला पी1006 असे वेगवेगळे असतात. तुमच्या कामाला कुठला बसतो ते सीएला विचारा, मी सीए नाही.

आत्ता अडकलेल्या पैशांसाठी टेक्सासच्या बाईंकडून त्यांच्या बँकेची स्विफ्ट कॉपी (पैसे पाठवल्याची बँकेची नोंद) मागवा, त्यावरच्या नंबरवरून पैसे कुठे आहेत ते शोधता येतं. शाखेला तोंडी विचारणं बंद करा, ईमेलने तक्रार करून तक्रार नंबर घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ऑनलाइन जाता येतं, फी नाही. आणि त्या बाईंना हे सगळं आजच कळवा, गप्प बसू नका.

आता क्लायंटबद्दल. तीन डॉलर रेट लगेच काढा. स्वस्त बघून येणारा माणूस त्याहून स्वस्त कुणी मिळालं की जातो, आणि फायव्हरसारख्या कामं मिळवून देणाऱ्या साइटवर त्यातलेही 20 टक्के कापले जातात. दुसरं म्हणजे "सर्व प्रकारची ऑफिसची कामं करते" हे वाक्य काढा. ज्याला मेसेज करताय त्याचं एक अडलेलं काम बघा, आणि तेच लिहा, जसं की "तुमच्या पॉडकास्टच्या शेवटच्या चार भागांना शो नोट्स नाहीत, एका भागाच्या लिहून जोडल्यात, आवडल्या तर बाकीच्यांचं बोलू." असे थोडेच मेसेज पाठवा पण प्रत्येक वेगळा. फुकट नमुना एवढाच, त्यापुढची ट्रायल पैसे घेऊनच. कुणाला पटणार नाही, पण मला यातूनच कामं मिळाली.

ओळख करून द्या असं म्हणायची वेळ काम संपल्यावरची नसते, क्लायंट स्वतःहून "बरं झालं तू होतीस" म्हणते ना, त्याच दिवशी विचारायचं. परदेशीच क्लायंट हवेत हा हट्टही नको. पुण्यातले आर्किटेक्ट, डॉक्टर, छोट्या सीए फर्म यांनाही अपॉइंटमेंट, फॉलोअप, बिलं यासाठी माणूस लागतो, पैसे यूपीआयने त्याच दिवशी येतात. अमेरिकेत छोटा व्यवसाय करणारी मराठी मंडळीही आहेत, नातेवाइकांत विचारून बघा.

रजिस्ट्रेशन फी मागणाऱ्या डेटा एंट्रीच्या कामांकडे फिरकू नका. नंतर चुका काढून खोटी कायदेशीर नोटीस पाठवतात. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, तरी सीएकडून खात्री करा.

आणि टेक्सासच्या वेळा नीट लिहून ठेवा, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेअकरा. इंग्लंडची घड्याळं त्याच्या आधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यात दोन्हीकडचे कॉल असतील तर आदल्या दिवशी वेळ पुन्हा विचारून घ्या.