‘सेरिपिगारी’ला मराठीत काय म्हणावे?

पेरूच्या वर्षावनातील मात्सिगेंका लोकांविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना एका वाचकांना प्रश्न पडला आहे की, तेथील उपचारकासाठी येणाऱ्या ‘सेरिपिगारी’ या शब्दाला मराठीत ‘तंबाखू पिणारा’ म्हणावे की ‘भगत’.

माझ्या मते दोन्ही शब्द अपुरे आहेत. ‘सेरि’ म्हणजे तंबाखू, आणि शब्दाच्या उत्तरार्धात नशेने भान पालटण्याचा अर्थ आहे. शेजारच्या अशानिंका भाषेत याचेच रूप ‘शेरिपियारी’ असे होते. दोन्ही भाषा अरावाक कुळातल्या आहेत. कॅरिबियन बेटांवरच्या ज्या टायनो भाषेतून ‘तबाको’ हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे आपला ‘तंबाखू’ झाला असे सामान्यतः मानले जाते, तीही याच कुळातली. ‘सेरि’ हा शब्द मात्र ‘तबाको’हून अगदी निराळा.

‘पिणारा’ म्हणण्यात वस्तुतः चूक नाही, कारण अॅमेझॉनच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी तंबाखूचा काढा खरोखरच पितात किंवा त्याचा आटवलेला दाट रस चाटतात. परंतु आपण तंबाखू खातो, मळतो, विडीतून ओढतो. त्यामुळे ‘तंबाखू पिणारा’ वाचताच मराठी वाचकापुढे व्यसनी माणूस उभा राहतो, आणि या शब्दाचा रोख तर व्यसनाकडे मुळीच नाही. हा माणूस रोग्याच्या अंगावर धूर फुंकतो, दुखऱ्या जागी तोंड लावून रोग शोषून काढतो, आणि तंबाखूच्या अमलात त्याचा आत्मा अदृश्य सहायकांकडे जातो अशी त्याच्या लोकांची श्रद्धा आहे. शिवाय उलटी करवण्यासाठी किंवा कातडीत शिरलेल्या माशीच्या अळ्या मारण्यासाठी तंबाखूचा रस वापरण्याची रीत त्या प्रदेशात आहे. निकोटिन हे कीटकांसाठी जहाल विष असल्याने यातला दुसरा उपयोग सहज उलगडतो. मात्र तेच विष माणसालाही जिवावर बेतू शकते, म्हणून मात्रेचे ज्ञान हा या विद्येचा गाभाच समजला पाहिजे.

‘भगत’ हा शब्द मला मनापासून जवळचा वाटतो, कारण आपल्या वारली-ठाकरांकडे उपचार आणि दैवत यांची सांगड तोच घालतो; पण त्यात तंबाखू हरवते. ‘झिंगलेला’ तर अवमानकारकच. आपल्याकडे मंत्राने माणूस ‘भारला’ जातो, त्या धर्तीवर ‘तंबाखूने भारलेला’ हा अर्थ पहिल्या उल्लेखापाशी द्यावा आणि पुढे ‘सेरिपिगारी’ हाच मूळ शब्द ठेवावा, असे मी सुचवीन.

त्याच लेखात ‘सेरितोंकी’ आले असेल, तर ती तंबाखूची पूड नाकात घालण्याची हाडाची नळी होय. पुडीला ‘तपकीर’ म्हणायला हरकत नाही, मात्र क्रियापद ‘ओढणे’ नको, कारण तिथे एक जण दुसऱ्याच्या नाकपुडीत ती फुंकतो.