मांजर चावलेल्या सशाची घरी घ्यायची काळजी

गॅलरीत शिरलेल्या मांजराने सशाच्या पाठीला चावा घेतला, रक्त लगेच थांबले, पण सकाळपासून तो कोपऱ्यात बसून आहे. हळद लावून घरीच बरा करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. घरी करण्याजोगे पुष्कळ आहे, परंतु मांजराच्या चाव्यावरचा उपचार त्यात मोडत नाही. मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असल्यामुळे वरचे छिद्र लवकर मिटते आणि पाश्चुरेला जातीचे जिवाणू आत कोंडले जातात. म्हणून जखम कितीही किरकोळ दिसली तरी आजच पशुवैद्याकडून प्रतिजैविक सुरू करून घ्या. शक्यतो सशांवर नेहमी उपचार करणारे डॉक्टर पाहा, कारण कुत्र्या-मांजरांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेले, तर आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून तेच जिवावर बेतू शकते. घरातली वेदनाशामक गोळीही अंदाजाने देऊ नये.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत जखम स्वच्छ करता येईल. ससा टॉवेलमध्ये गुंडाळून, पाय मोकळे लोंबू न देता, मांडीवर घ्या. घाबरून त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. केस बोटांनी बाजूला करून सबंध पाठ आणि पोट तपासा. दाट केसांखाली एका दिसणाऱ्या जखमेशेजारी आणखी लाल ठिपके अनेकदा सापडतात. कात्री चालवू नका, सशाची कातडी इतकी पातळ असते की केसांबरोबर तीही कापली जाते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने जखम धुवा आणि गॉजने टिपा. कापसाचे तंतू आत अडकतात. हळदीची पूड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डेटॉल यांपैकी काहीही नको. संपूर्ण आंघोळ तर मुळीच नको. कान गार लागत असतील तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा.

मात्र माझ्या मते तुमच्या वर्णनातली खरी चिंतेची गोष्ट जखम नसून त्याचे कोपऱ्यात बसून राहणे ही आहे. वेदना झाली की ससा खाणे सोडतो, खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो, त्याने वेदना आणखी वाढते, आणि या फेऱ्यात जखमेपेक्षा लवकर जीव जातो. दहा-बारा तास काहीच खाल्ले नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. खाली जुनी पांढरी चादर अंथरा, म्हणजे लेंड्या लहान, कोरड्या किंवा कमी होत आहेत का ते लगेच कळते. दात करकरणे हेही दुखण्याचेच लक्षण. वाळलेले गवत, ताज्या दूर्वा आणि कोथिंबीर तोंडाजवळ ठेवा. डॉक्टरांनी पोट फुगलेले नाही याची खात्री केल्यावरच पेलेट (सशाचे गोळ्यांच्या रूपातले तयार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून, त्याची पातळ पेज बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने, थोडी थोडी, त्याला गिळायला वेळ देत भरवता येते.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती कॉलर शक्यतो नको. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ते त्याच्या पोषणासाठी आवश्यक असते आणि कॉलरमुळे तेच बंद पडते.

पावसाळ्यात माशांची फार धास्ती असते. ओल्या जखमेवर किंवा लघवीने भिजलेल्या शेपटीखाली माशीने अंडी घातली तर दिवसभरात अळ्या होऊ शकतात, तेव्हा ससा घरात, जाळीआड ठेवा आणि मागची बाजू सकाळ-संध्याकाळ पाहा. गोचिडांसाठी कुत्र्यांवर वापरतात तो फिप्रोनिलचा स्प्रे माश्यांसाठी म्हणून सशावर मारू नका; ते औषध सशाला विषारी आहे.

प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यानंतरही काही आठवडे पाठीवरून रोज हलक्या हाताने बोटे फिरवा. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही. गाठ हाताला लागली तर ती घरी दाबून फोडायची नाही, डॉक्टरांना दाखवायची; बहुधा ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.