महिना म्हणजे तीस दिवस नव्हे

हप्त्याची तारीख काढताना आजच्या तारखेत थेट 30 दिवस मिळवू नकोस बाबा. महिना 28 ते 31 दिवसांचा कसाही असतो.

इतवारीतल्या एका दुकानासाठी मी हप्त्यांचा प्रोग्राम लिहिला होता. 31 जानेवारी 2025 मध्ये एक महिना मिळवला, तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेने थेट 3 मार्च दाखवला! फेब्रुवारीचा हप्ताच गायब. 31 फेब्रुवारी नसतोच, म्हणून उरलेले तीन दिवस ते पुढच्या महिन्यात ढकलतं. महिना मिळवल्यावर तारखेचा आकडा बदललेला दिसला, की सेटडेटला (setDate, तारखेचा आकडा बसवणारं तिचं फंक्शन) शून्य दे. मागच्या महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे 28 फेब्रुवारी मिळेल. एक्सेलचं ईडेट (EDATE, महिने मिळवणारं सूत्र) हे आपणहून करतं.

आणि हे मात्र घट्ट लक्षात ठेव: पुढचा हप्ता आधीच्या हप्त्यावरून मोजू नकोस. 28 फेब्रुवारीत महिना मिळवला तर 28 मार्च येतो, आणि मूळची 31 कायमची जाते. दर वेळी पहिल्या तारखेपासूनच मोज: एक महिना, दोन महिने, तीन महिने.

तपासायला 31 ऑगस्टमध्ये एक महिना आणि 29 फेब्रुवारी 2028 मध्ये बारा महिने मिळवून बघ. नेमकं तिथेच अडतं.