प्रदक्षिणेची वाट आणि ओहोटीचे गणित

प्रश्न : येत्या पौर्णिमेला आम्ही मित्रमंडळी सहकुटुंब पुण्याहून पहाटे निघून ताम्हिणी घाटमार्गे अकराच्या सुमारास हरिहरेश्वरला पोहोचणार आहोत. देवदर्शनानंतर प्रदक्षिणेच्या वाटेने खालच्या खडकांवर उतरून मुलांना खेकडे, शंख दाखवावेत, असा बेत आहे. गडकिल्ल्यांची आम्हां सर्वांना सवय आहे. आणखी कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बेत उत्तम आहे, पण दिवस बदलावा. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना आडाखा असा, की तिथीची पाऊणपट करावी. येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती असते आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला हे उत्तर सहा येते, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमेला मात्र ते सव्वाअकरा येते. म्हणजे आपण गाडीतून उतराल तेव्हा समुद्र ऐन उधाणावर असेल आणि ज्या खडकांवरून चालायचे, तेच पाण्याखाली असतील. पुण्याहून सकाळी निघणाऱ्यांना सप्तमी ते दशमी हे दिवस सोयीचे. हा आडाखा दिवस ठरवण्यापुरताच वापरावा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि गावात पुन्हा विचारून घ्यावी. मात्र हे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे; त्यांत पाणी फार मागे हटत नाही, हेही ध्यानात असावे.

दोन कातळांमधल्या चिंचोळ्या पायऱ्या उतरल्या, की खाऱ्या वाऱ्याने जाळीदार झालेले खडक समोर येतात आणि पावले आपोआप रेंगाळतात. उतरायचे ते पाणी ओसरत असताना, आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या सुमारास परतीला लागायचे. खडकाचा जो भाग ओला दिसतो, तेथवर लाट नुकतीच येऊन गेलेली असते. म्हणून कोरड्या भागावरच थांबावे. समुद्र शांत दिसला, तरी दूरच्या वादळाने उठलेली मोठी लाट मध्येच येऊ शकते, त्यामुळे छायाचित्रासाठी त्याच्याकडे पाठ करून उभे राहणे टाळावे. पावसाळ्यात तर खाली उतरूच नये.

गडावरची सवय येथे अर्धीच कामाला येते. काळपट-हिरव्या शेवाळावर चांगल्या पकडीचा बूटही घसरतो, आणि तोल सावरायला हात टेकावा तर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारेने तळवा कापतो. स्लिपर मात्र नकोतच. डबक्यातील जीव डोळ्यांनीच पाहावेत. नक्षीदार शंखात विषारी गोगलगाय असू शकते. दगड उलटलाच, तर तो होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

प्रश्न : खडकावरून कोणी पाण्यात पडले, तर काय करावे?
— एक वाचिका, सिंहगड रस्ता

उत्तर : मागोमाग उडी मारू नये; एकाला वाचवताना दुसरा बुडण्याचे प्रसंग असेच घडतात. दोर, नाही तर झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. एकाने पडलेल्या माणसावरून नजर हलवू नये, दुसऱ्याने ११२ वर फोन करावा आणि तिसऱ्याने गावातील मच्छीमारांना हाक द्यावी. पडलेल्याने लाटा आपटणाऱ्या खडकाला धरण्याची धडपड न करता, शक्य असल्यास खडकापासून थोडे दूर होऊन पाठीवर तरंगत राहावे. खाली फोनला रेंज मिळतेच असे नाही, म्हणून परतण्याची वेळ वर थांबलेल्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवावी.