आठ मैत्रिणी, दोन दिवस आणि साताऱ्याची वाट

प्रश्न : आम्ही सांगलीतल्या एकाच शाळेत शिकलेल्या आठ मैत्रिणी असून सर्व जणी ४५ ते ५२ या वयोगटातल्या आहोत. आमची दरमहा भिशी असते आणि दर भिशीला दोन दिवस एकत्र कुठेतरी जाण्याचा विषय निघतो. पण तारखेवर चर्चा सुरू झाली की आठ जणींच्या आठ अडचणी पुढे येतात आणि बेत मोडतो. एक बँकेत आहे, एक शिक्षिका आहे, एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि एकीचे गुडघे दुखतात. यंदा सप्टेंबरअखेर कास, ठोसेघर, सज्जनगड, बामणोली आणि जमल्यास महाबळेश्वर असा बेत मनात आहे. आणखी एक नाजूक बाब अशी की, एका मैत्रिणीची परिस्थिती सध्या ओढाताणीची आहे. ती तसे बोलून दाखवत नाही, पण आयत्या वेळी काहीतरी कारण सांगून माघार घेते. तिचे पैसे आम्ही सर्व जणींनी मिळून भरावेत का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पैशाचा प्रश्न आपण शेवटी विचारला असला, तरी त्याचे उत्तर आधी देते, कारण तो सुटल्याशिवाय बाकीची आखणी व्यर्थ आहे. मैत्रिणीचे पैसे भरू नयेत. तसे केल्यास ती दोन दिवस मैत्रीण म्हणून न वावरता पाहुणी म्हणून वावरेल, जेवताना सर्वांत स्वस्त पदार्थ मागवेल आणि पुढच्या वेळी नकार देण्याची घाई करेल. त्याऐवजी सहलीचा खर्चच तिच्या आवाक्यात आणावा, आणि तो तिच्यासाठी आणला आहे हे कोणालाही, अगदी तिलासुद्धा, कळू देऊ नये. आपल्यापैकी एकीने प्रत्येकीला स्वतंत्रपणे फोन करून ‘सगळे धरून किती खर्च झाला तर तुला चालेल?’ एवढेच विचारावे आणि आलेल्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा हीच सहलीची मर्यादा म्हणून जाहीर करावी. कोणी कोणता आकडा सांगितला, हे फोन करणाऱ्या मैत्रिणीने घरी नवऱ्यालाही सांगू नये. ज्यांना हात सैल सोडायचा आहे, त्यांना खरेदी मोकळीच आहे. साताऱ्याचे कंदी पेढे कोणी किती किलो घ्यावेत, यावर बंधन घालण्याचे कारण नाही.

मर्यादा ठरली की काटकसरीची पहिली जागा गाडी ही आहे. सांगलीहून दोन दिवसांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवल्यास जाण्यायेण्याच्या साधारण अडीचशे किलोमीटरचे भाडे, चालकाचा भत्ता आणि गाडी नुसती उभी राहिली तरी लागू होणारा किमान आकार, असे सगळे आठ जणींवर पडते. दुसरीकडे, १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या सर्व प्रकारच्या बसगाड्यांत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. तेव्हा कराडमार्गे सातारा बसस्थानकापर्यंत एसटीने जावे आणि तिथून पुढे फक्त फिरण्यापुरती स्थानिक गाडी करावी. आठ जणींना एक मोठी जीप दाटीवाटीची होईल. दुखऱ्या गुडघ्यांचा विचार करता दोन लहान गाड्या बऱ्या, आणि बहुतेक वेळा त्याही सांगलीच्या ट्रॅव्हलरपेक्षा स्वस्त पडतात. गाडी ठरवताना घाटाचे आकार, वाहनतळाचे पैसे आणि चालकाचे जेवण भाड्यात धरले आहे की नाही, हे आधीच विचारून संदेशातून लिहून घ्यावे.

आता ठिकाणांविषयी. आपली यादी दोन दिवसांत पुरी होईल, पण तसे केल्यास आपण सातारा जिल्हा गाडीच्या काचेतून पाहाल आणि एकमेकींशी बोलणे राहूनच जाईल. महाबळेश्वर या बेतातून पूर्णपणे काढावे. ते साताऱ्याहून सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि त्याला स्वतःचे दोन दिवस द्यावे लागतात. उरलेल्या ठिकाणांबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती अशी की कास आणि बामणोली यवतेश्वरच्या घाटाने जाणाऱ्या एका रस्त्यावर आहेत, तर सज्जनगड आणि ठोसेघर शहरातून वेगळ्या फुटणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर आहेत. म्हणून दिवस रस्त्याप्रमाणे वाटावेत. शनिवारी दुपारपर्यंत पोहोचून सज्जनगड किंवा ठोसेघर, यांपैकी एकच करावे. दोन्हीकडे पायऱ्या आहेत. गडावर समर्थ रामदासांच्या समाधीपर्यंत गाडी जात नाही आणि ठोसेघरला धबधबा समोरून पाहण्यासाठी उतरावे लागते, जे परतताना चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणीलाच निवड करू द्यावी आणि तिच्यासोबत एकीने सावकाश चालावे. मात्र ती एक प्रत्येक वेळी तीच नसावी.

रविवारची सकाळ कासला द्यावी. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचे पठार आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असल्यामुळे तिथे मोठी झाडे तग धरत नाहीत आणि पावसाळ्याचे काही आठवडे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशा बुटक्या वनस्पतींचे राज्य असते. यांतल्या काहींचा बहर आठवड्याभरात ओसरतो, त्यामुळे छायाचित्रातला जांभळा गालिचा आपण जाल त्याच दिवशी अंथरलेला असेल, अशी अपेक्षा ठेवू नये. दैनंदिन प्रवेशाला मर्यादा असल्याने हंगामात, विशेषतः शनिवार-रविवारी, ऑनलाइन आरक्षण केल्याशिवाय निघू नये. सकाळचा पहिला टप्पा घ्यावा, कारण दुपारपर्यंत घाटात गाड्यांची रांग लागते. पठारावर धुके आणि भुरभुर पाऊस गृहीत धरून प्रत्येकीने रेनकोट आणि पकड असलेली पादत्राणे घ्यावीत. छत्री वाऱ्यात उलटते. आखून दिलेली वाट सोडून फुलांत बसून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. त्या बैठकीखाली पुढच्या वर्षीचे बी तुडवले जाते. कासनंतर वेळ आणि उत्साह उरला, तर बामणोलीपर्यंत उतरून शिवसागर जलाशयाच्या काठी जेवावे, नाहीतर कासहूनच मागे फिरावे.

तारखेबाबत माझे मत थोडे कठोर आहे. आठ जणींच्या मतदानातून तारीख निघत नाही, ती दोघींनी ठरवायची असते. ज्यांच्या अडचणी हलवता येत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करावी. बँकेतल्या मैत्रिणीला दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा असतो, म्हणजे पर्याय आपोआप दोनच उरले. गौरी-गणपतीची धावपळ संपल्यावर आणि घटस्थापनेच्या आधी पितृपक्षाचे दिवस येतात. घरोघरी शुभकार्ये थांबलेली असल्याने ते सहलीला सोयीचे पडतात, मात्र कोणाच्या घरी कोणत्या तिथीला श्राद्ध आहे, हे आधी विचारून घ्यावे. शिक्षिका मैत्रीण शनिवारची सकाळची शाळा करून दुपारच्या एसटीने मागून येऊ शकते. तारीख जाहीर करताना ‘जमेल का?’ असे न विचारता ‘अमुक दिवसापर्यंत निम्मी रक्कम द्यावी’ असे कळवावे. निम्मे पैसे भरलेली बाई सहसा डोकेदुखीमुळे घरी राहत नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या मैत्रिणीला ‘घरच्यांना सांग, दोन दिवसांनी काय होते’ असा सल्ला कोणीही देऊ नये. त्या घरात दोन दिवसांनी खरोखरच पुष्कळ काही होते. तिच्या नणंदेला किंवा जावेला दोन दिवस येऊन राहण्याची विनंती पंधरा दिवस आधी करता आली तर उत्तम. नाही तर तिने शनिवारी पहाटे निघावे, दुपारचे फिरणे आणि गप्पा आपल्यासोबत कराव्यात आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे. एका दिवसाची भागीदारीही पूर्णच मानावी आणि तिच्याकडून मुक्कामाचे पैसे घेऊ नयेत.

मुक्काम सातारा शहरात किंवा कासच्या रस्त्यावर करावा. खोल्या ठरवताना स्नानगृहे किती, गरम पाणी कोणत्या वेळेत आणि रात्री वीज गेल्यास काय व्यवस्था, हे तीन प्रश्न फोनवर विचारावेत. चार-चार खाटांच्या दोन खोल्या स्वस्त पडतात, शिवाय रात्री गप्पांना माणसे गोळा करावी लागत नाहीत. घोरणाऱ्यांची वाटणी मात्र आधी करावी. ओळखपत्र प्रत्येकीने जवळ ठेवावे.

भिशीचा उपयोग पुढच्या वर्षासाठी करता येईल. नेहमीच्या हप्त्याबरोबर प्रत्येकीने थोडी ठरावीक रक्कम वेगळी काढून सहलीच्या नावे जमा केली, तर वर्षभरात पैसे हळूहळू साठतील आणि कोणालाही एकदम मोठी रक्कम काढावी लागणार नाही. हिशेबाची वही भिशी चालवणारीकडे न देता दुसरीकडे द्यावी.

प्रश्न : आम्ही सहा जणी नियमित चालणाऱ्या आहोत. याच दिवसांत वासोटा किल्ला करावा का?
— एक वाचक, कराड

उत्तर : या दिवसांत नाही. वासोटा कोयना अभयारण्यात असून पावसाळ्यात तिथला प्रवेश बंद असतो. हिवाळ्यात जावे. बामणोलीहून बोटीने जलाशय ओलांडावा लागतो, वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी लागते, सोबतचे प्लास्टिक मोजून दाखवावे लागते आणि गडावर मुक्कामाची परवानगी नसल्याने सायंकाळपूर्वी परतीच्या बोटीत बसावे लागते. म्हणून आदल्या रात्री बामणोली परिसरात राहून पहिल्या बोटीने निघावे. बोटीचे भाडे माणशी नसून संपूर्ण बोटीचे असते, तेव्हा सहाऐवजी दहा जणी झाल्यास प्रत्येकीचा वाटा बराच कमी होईल.