सहा चाळीसची गाडी लागली का?

प्रिय मुली,
अ. उ. आ.

तुझी सहा प्रकरणं आणि सोबतची चिठ्ठी मिळाली. ‘ताई, नवीन पुस्तक कुठवर आलं आणि सध्या काय वाचताय?’ असं विचारलंयस. प्रकरणांबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणजे अभिप्राय हवाय, पण मागायची भीती वाटतेय. तर आधी तेच उरकून टाकते.

तुझी नायिका त्याला फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलात एका मुलीबरोबर बघते, चार महिने अबोला धरते आणि सहाव्या प्रकरणात कळतं की ती त्याची मावसबहीण. अगं, तिने एक फोन केला असता तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणातच आटोपली असती. गैरसमज हा अडसर नव्हे, ती नुसती कडी. कुणीही हात घालून काढेल. प्रेमकथेत शेवट काय होणार हे वाचकाला मुखपृष्ठावरूनच ठाऊक असतं. तो पैसे देतो ते ‘मग इतका वेळ का लागला’ यासाठी, आणि त्याचं उत्तर पोकळ निघालं की त्याला फसल्यासारखं वाटतं.

या उन्हाळ्यात मी वाचत होते ती जुनीच पुस्तकं, पण या एका प्रश्नाने. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ १९३४ सालची. नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, तिला मूलही हवं असतं. आज वाचताना आपण म्हणतो, मग घटस्फोट घे की बाई! पण मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा आला १९४७ साली. तोवर सोडलेली बाई सोडलेलीच, तरीही लग्नाचीच. तिथे अडसर लेखिकेने रचलेला नाही, तो घराघरात होता. तिने फक्त त्याच्यासमोर एक हाडामांसाची बाई उभी केली, आणि तेवढ्याने महाराष्ट्र हादरला.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट. चक्रधर घरी परततोय. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेल्या ज्यूंमध्ये हॅर्टा आहे. त्याला मुंबईला उतरायचंय, तिला पुढे जायचंय. बस्स. बोट चालतच राहते, आणि ती चालते म्हणूनच पान उलटताना हात जड होतो. केवढीशी कादंबरी ती! मी मात्र तरुणपणी चारशे पानांखाली कधी उतरले नाही. (विश्राम बेडेकर आणि विभावरी, म्हणजे त्या टोपणनावाने लिहिणाऱ्या मालतीबाई, यांचं लग्न १९३८ चं, या दोन पुस्तकांच्या मधलं. त्या घरात चहाच्या वेळी काय बोलणं होत असेल याची मला फार उत्सुकता आहे.)

आता माझ्या पुस्तकाबद्दल. नाव अजून ठरलेलं नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडवरची गोष्ट आहे. ती एकोणचाळिशीची शिक्षिका, रोज सकाळी सहा चाळीसच्या गाडीने वाडीवरच्या शाळेत जाते. तो कंट्रोलर, चौकशीच्या खिडकीत बसतो आणि माइकवरून गाड्या पुकारतो. दोघंही मोकळे, घरून विरोध करायलाही फारसं कुणी उरलेलं नाही. पहिल्या खर्ड्यात मी पण तुझ्यासारखीच कडी लावली होती, तिचा एक मेलेला नवरा आणि त्याचं एक गुपित. फाडून टाकलं. मग महिनाभर एका स्टँडवर पहाटे जाऊन बसले. मुक्कामी गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर तोंड धुताना, पेपरचे गठ्ठे उतरताना, त्याच त्या बाया त्याच त्या बाकावर बसलेल्या. तेव्हा लक्षात आलं की अडसर हा स्टँडच आहे. रोज दहा मिनिटं, शंभर डोळ्यांदेखत भेट होते. बोलून बसलं आणि समोरून नकार आला, तर उद्या सकाळी परत त्याच खिडकीसमोर उभं राहायचं. नकाराची भीती नाही गं, सकाळ हातची जाण्याची भीती.

प्रत्येक गाडी तो दोनदा पुकारतो. सहा चाळीसची तीनदा. हे तिला पाच वर्षांत कळलेलं नसतं. तो रजेवर जातो, बदली माणूस गाडी दोनदाच पुकारून गप्प होतो, आणि ती तिसऱ्यांदा ऐकायला बाकावर बसून राहते. गाडी चुकते. हे पान एका बैठकीत लिहिलं, पुन्हा हात लावला नाही. असं क्वचित होतं.

शेवटाने मात्र जीव काढला. तिच्या बदलीची ऑर्डर येते. मी काय केलं असेल? त्याला माइकवरून मनातलं सांगायला लावलं, सगळ्या स्टँडसमोर! माणसं टाळ्या वाजवतात वगैरे. प्रकाशक खूश. मला रात्री झोप लागेना.

तेव्हा जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेशन’ परत काढली. हे जरा सविस्तर सांगते, कारण यातून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही. बाईंनी ती कादंबरी संपवली आणि खाली तारीख घातली, १८ जुलै १८१६. त्या शेवटात नायिका ॲनच्या वडिलांचं घर भाड्याने घेतलेले ॲडमिरल तिच्याकडे नायकाला, कॅप्टन वेंटवर्थला, पाठवतात, तिचं दुसरीकडे जमलंय का आणि आम्ही घर सोडायचं का, एवढं विचारायला. मग खोलीत दोघंच उरतात आणि सगळं जुळून येतं. गोड आहे, ठीक आहे. पण बाईंचं समाधान होईना. तब्येत ढासळत होती, तरी त्यांनी तो भाग बाजूला ठेवून तीनेक आठवड्यांत नवा लिहिला. त्यात ॲन हॉटेलच्या खोलीत एका तिसऱ्याच माणसाशी बोलतेय, पुरुषांचं प्रेम जास्त टिकतं की बायकांचं यावर. वेंटवर्थ त्याच खोलीत कागदावर काहीतरी लिहीत बसलाय. तो ऐकतोय. आठ वर्षांपूर्वी तिने त्याला नाकारलं होतं, तो अपमान अजून सलतोय, म्हणून तो बोलू शकत नाही. तीही त्याच्याशी बोलू शकत नाही, म्हणून दुसऱ्याशी बोलते. आणि तो लिहितो ते तिला पत्र. बघ, अडसर जिथला तिथेच ठेवला आणि त्याच्याच फटीतून वाट काढली. रद्द केलेली ती पानं ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहेत. त्यांच्या छापून आलेल्या कादंबऱ्यांपैकी हस्तलिखित म्हणून उरलंय ते एवढंच, तेही नापास झालेलं. पुढच्या वर्षी १८ जुलैलाच त्या गेल्या. पुस्तक छापून आलं ते डिसेंबरात.

मी माइक काढून टाकला. आता शेवटच्या दिवशी ती खिडकीशी येते. गाडी समोर फलाटावर उभी आहे, इंजिन सुरू आहे, पाटी दिसतेय. ती विचारते, ‘सहा चाळीसची लागली का?’ तो गाडीकडे बघतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘लागायचीय अजून.’

प्रकाशकांचं म्हणणं, वाचकाला हे कळणार नाही, माइक ठेवा. सध्या आमची त्यावर रोज फोनाफोनी चाललीय. मी ऐकणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

तुझ्याकडे वळते. तुझी दोघं एकाच बँकेत, एकाच शाखेत आहेत आणि ती त्याच्या वरच्या पदावर आहे, हे तू पहिल्या प्रकरणात एका ओळीत सांगून टाकलंस आणि विसरलीस. तो रजेचा अर्ज तिच्या टेबलावर ठेवतो आणि ती सही करते, असं एक पान लिहून पाठव. फक्त तेवढंच, हॉटेल नको. ‘रणांगण’ची माझी प्रत तुझ्याकडे गेल्या दिवाळीपासून आहे, वाचली नसशील तर आता वाच आणि परत कर.

मावसबहीण मात्र मला आवडली. जेवताना बोटं चाटते ती. तिला काढू नकोस, दुसरं काहीतरी काम दे.

तुझी,
ताई