तळमजल्यावरची बाग आणि गाण्याची खोली

प्रश्न : पुण्यात कोथरूडला १९८८ साली बांधलेल्या तीन मजली सोसायटीत तळमजल्यावर आमची टू बीएचके सदनिका आहे. मागे बारा फूट रुंदीची बाग असून तिचा वापर करारनाम्यानुसार फक्त आमच्याकडे आहे. मी गाण्याच्या शिकवण्या घेते. मागची खोली बाहेर वाढवून बागेत दहा बाय बाराची पत्र्याची खोली उभारावी, असे मनात आहे. पाया न घेता केलेल्या हलक्या बांधकामाला परवानगी लागत नाही, असे ठेकेदार सांगतो. ते खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि त्याच्या शब्दावर विसंबून आपण एक वीटही आणू नये. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार बांधकामाला पूर्वपरवानगी लागते. पाया नाही एवढ्यावरून त्यातून सुटका होत नाही. आपण जिला बाग म्हणता ती जागा बहुधा इमारतीचे सामासिक अंतर, म्हणजे बोलीभाषेतले मार्जिन आहे. उजेड, वारा आणि आगीच्या वेळची वाट यांसाठी ते मोकळे ठेवावे लागते. वापराचा हक्क म्हणजे बांधण्याचा हक्क नव्हे. बिल्डरने लिहून दिले म्हणून सामाईक जागा एकट्याची होत नाही. स्टिल्टमधले, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतले पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, ते याच विचाराने. सोसायटीचे ना हरकत पत्र मिळाले, तरी ते महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही.

दुसरे कारण जमिनीखाली आहे. बागेतल्या कुंड्या हलवून ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे कुठे आहेत ते पाहा. त्यांवर खोली आली आणि ऐन जुलैत लाइन तुंबली, तर वरच्या मजल्यांचे सांडपाणी सर्वांत आधी आपल्याच न्हाणीघरात उफाळून येईल, आणि चेंबर उघडायला जागाच नसेल.

म्हणून माझा आग्रह असा, की गाण्याची खोली घराच्या आतच करावी. इमारत आरसीसी सांगाड्याची असेल, तर भार कॉलम आणि बीम पेलतात, त्यामुळे मागच्या दोन खोल्यांमधली साडेचार इंची भिंत काढून एक मोठी खोली करता येण्याजोगी असते. मात्र भारवाहक भिंतींची इमारत असेल, तर तिला हातही लावू नये. हे ठोकून पाहून ठरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या आणि तो नकाशासह सोसायटीच्या समितीकडे द्या. दर्शनी भाग बदलत असेल, तर महापालिकेकडेही विचारणा करा. सांगाड्याच्या इमारतीत खिडकीची रुंदी तीच ठेवून खालची भिंत उतरवली, तर वरचा लिंटेल, म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची आडवी तुळई, तसाच राहून बागेकडे दार मिळते.

त्या दाराशी एक चूक फार घरांत होते. पाऊल सहज पडावे म्हणून बागेत भराव टाकून फरशी घराच्या पातळीला आणली जाते आणि मग पहिल्याच पावसाळ्यात भिंती ओल धरतात. बाग जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली असू द्या, उतार भिंतीपासून दूर काढा आणि उतरायला एक पायरी करा. शिकवणीच्या वेळी दार लावून घ्यावे. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी खोलीतला घुमारा पुष्कळ कमी होतो. सकाळच्या रियाजाला मात्र दार उघडून बागेसमोर बसावे, त्यासाठी कोणाचीच परवानगी लागत नाही.